कपडा म्हातारा करणाऱ्या बाई

कौसल्याबाई गायकवाडांची वीत सव्वासात इंचांची होती. हे मी पट्टी लावून मोजलेलं आहे, कारण त्या वितीनंच बाई छाती, बाही, घेर मोजायच्या आणि मला तो आकडा इंचात करून वहीत उतरवावा लागायचा. पहिल्या रविवारी माझा त्या वितीवर विश्वास बसला नाही. त्यांनी घेतलेल्या अकरा मापांवर मी मागून टेप फिरवला. दहा मापं जुळली. अकरावं, विलाससरांच्या पोटाचं, पाऊण इंचानं कमी भरलं. मी तसं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मापवाले, तुमचा टेप बघून सर पोट आत घेऊन राहिले. माझ्या वितीला लाजत न्हाईत ते." विलाससरांनी श्वास सोडला आणि माप जुळलं. त्या दिवसापासून मी मापवाले झालो.

आमचा नांदेडमधला गट बारा जणांचा. जुन्या काळचे कपडे त्या काळच्या रीतीनं शिवायचे आणि अंगावर घालायचे, एवढंच त्याचं काम. नाटकाच्या दुकानातून भाड्यानं आणलेले चकचकीत पोशाख घालून मिरवणुकीत चालणं वेगळं आणि हे वेगळं. विलाससर कॉलेजात इतिहास शिकवतात, गट त्यांनी सुरू केला. माझी बायको मंगल हौसेनं गेली आणि तिच्या मागे मी. मी पाटबंधारे खात्यात आहे, विष्णुपुरीला पाण्याची पातळी लिहून ठेवतो. घरी येऊन माणसांची मापं लिहिण्यात मला वेगळं काही वाटलं नाही. दर रविवारी सकाळी आमच्याच हॉलमध्ये सगळे जमायचे.

कौसल्याबाई सरकारी दवाखान्यात शिंपी होत्या. नवरा तिथंच कामाला होता, तो वारल्यावर त्यांना त्या जागी घेतलं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे ऑपरेशनचे झगे. सव्वीस वर्षं हिरवं आणि पांढरं कापड. निवृत्तीनंतर मंगलनं त्यांना गटात आणलं, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विलाससरांचा ठेवणीतला अंगरखा हातात घेतला, उलटा केला आणि बगलेतल्या शिवणीवर बोट ठेवलं.

"ही चेन कोणत्या साली निघाली, सर?"

"बाहेरून दिसत नाही ती, बाई. घालायला सोपं पडतं."

"तुम्हाला तर माहीत हाय ना, आत चेन हाय म्हणून."

पुढच्या रविवारी सरांनी चेन उसवून आणली होती.

बाईंच्या कामाला शिस्त होती, पण ती त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. बसल्यावर आधी सुया मोजायच्या. उठताना पुन्हा मोजायच्या. मोजणी जुळल्याशिवाय शिवलेला कपडा कोणाच्या हातात जायचा नाही. मंगलनं एकदा चेष्टा केली, "बाई, सुया काय सोन्याच्या आहेत?" तेव्हा त्यांनी सांगितलं, की दवाखान्यात एकदा संध्याकाळी एक सुई कमी भरली होती. त्या दिवशी चौतीस झगे शिवून घड्या घालून झाले होते. सोबतची म्हणाली, पडली असेल कुठं तरी, जाऊ द्या. बाईंनी चौतीस झगे उलगडले. सुई एकोणतिसाव्याच्या गळ्यात होती. "एकोणतीसच उघडले असते तरी चाललं असतं की मग," मंगल म्हणाली. बाई म्हणाल्या, "सापडल्यावर उरलेले पाच पण बघितले. हात लागलाच होता."

गटात सगळ्यांना सरदार व्हायचं असायचं. माझ्या वहीप्रमाणे बारा जणांत सात सरदार, दोन राण्या, एक कारभारी आणि मी हिशेबनीस. बाईंनी स्वतःसाठी आजीसारखं जाडंभरडं लुगडं नेसायचं ठरवलं. आजी गावात लोकांच्या शेतात कामाला जायची. तिला लुगडं घोट्यापर्यंत सोडायची मुभा नव्हती, ते गुडघ्याशी खोचावं लागायचं. बाईंनी ते तसंच खोचलं, इंचभरही खाली येऊ दिलं नाही. आम्ही सगळे कंधारच्या किल्ल्यात गेलो, तेव्हा तिथं फिरायला आलेल्या एका माणसानं गॉगल डोक्यावर सरकवून त्यांना हाक मारली.

"ए मावशी, इकडं कचरा पडलाय बघ."

"बघितला," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही पण बघा."

विलाससर कमरेची तलवार सावरत धावत आले आणि त्या माणसाला फैलावर घेतलं. तो बिचारा चारदा माफी मागून गेला. बाई सरांवरच नाराज झाल्या. "त्याला कशाला बोललात खामखा? त्याला खरं वाटलं म्हणून तर तो बोलला. कपडा पास झाला." आम्ही हसलो. परतीच्या गाडीत मात्र त्या लोहा गेल्यावर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आजीला रोजच कोणीतरी म्हणत असंल."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या फेरीत विलाससरांना निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या माणसाचा पोशाख करायचा होता. ओळखीतून कळलं, की शिरूर अनंतपाळला अनसूयाबाई नावाच्या बाईंकडे त्यांच्या वडिलांची खादीची बाराबंदी आहे. बाराबंदी म्हणजे बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. वडील सरहद्दीवरच्या छावणीत होते आणि ती बाराबंदी घालून घरी परतले होते. ती अनसूयाबाईंच्या आईनं हातानं शिवलेली. आई आणि वडील, दोघांची खूण म्हणून तेवढी एकच वस्तू त्या घरात उरली होती. कौसल्याबाई आणि मी मागायला गेलो.

अनसूयाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, शेतीवाडीच्या घरातल्या, बोलायला तुटक. त्यांनी आधी आडनाव विचारलं.

"गायकवाड," बाई म्हणाल्या.

"कोणते गायकवाड?"

"जयभीमवाले."

"बरं," म्हणून अनसूयाबाईंनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा दोघांनाही सारख्याच कपांत आला. मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. पण बाराबंदी त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून माझ्या हातात दिली. "सतरा तारखेला मी बाबांच्या फोटोसमोर ही मांडते, हात जोडते. दर साली. पंधराच्या आत परत पाहिजे. धुवायची न्हाई, अंगात घालायची न्हाई. बघा आणि तशी शिवा." मी तारीख वहीत लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली.

बाईंनी तशी बाराबंदी शिवायला एकोणीस दिवस घेतले. खादी शोधून आणली. धावदोऱ्याचा एकेक टाका जुन्यासारखा. डाव्या खांद्याखाली एक रफू होतं, तेही त्यांनी नव्यात केलं. त्या दिवसांत टेपवरचा आकडा त्या मलाच वाचायला लावत. मला वाटायचं, मापवाल्याला मान देतात.

कपडा शिवून झाला तरी आमच्या गटात तो पुरा होत नाही. नवं कापड नवंच दिसतं. ते हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, रिठ्यानं धुवायचं, उन्हात टाकायचं, मग ओलं करून दगडावर घासायचं आणि आपटायचं. याला आम्ही कपडा म्हातारा करणं म्हणतो. हे काम बाईंसारखं कोणालाच जमायचं नाही. कुठं घासायचं, कोपराला किती, मानेला किती, हे त्यांना ठाऊक असायचं. "माणूस जिथं वाकतो तिथं कपडा आधी म्हातारा होतो," असं त्या म्हणायच्या.

बारा सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला. "मापवाले, या जरा. टेप घेऊन या."

मी तरोड्याला त्यांच्या घरी गेलो. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी त्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर ओली बाराबंदी. डाव्या खांद्यापासून खाली ती फाटली होती. दुसरी, कोरडी, घरात बाजेवर होती. दोन्ही शेजारी ठेवून बघायला म्हणून त्यांनी मूळची बाराबंदी अभ्र्यातून काढली होती. नवीचं हिरडा, रिठा, ऊन सगळं झालं होतं, शेवटचं आपटणं तेवढं राहिलं होतं; त्यासाठी त्यांनी एक उचलली. उचलली ती अनसूयाबाईंच्या वडिलांची.

"आवाजानं कळलं," बाई म्हणाल्या. "नवं कापड असं बोलत न्हाई. मोजा किती गेलंय."

मी मोजलं. सव्वातीन इंच. त्यांनी नुसती मान हलवली. कसं झालं विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "गलती झाली."

संध्याकाळी विलाससर, मंगल, बाई आणि मी आमच्या हॉलमध्ये बसलो. दोन्ही बाराबंद्या सतरंजीवर पसरल्या होत्या. विलाससरांनी वही मागितली आणि मला सगळी मापं ताडून बघायला सांगितलं. चौदा मापं होती. तेरा तंतोतंत सारखी. बाहीच्या तोंडाला एका सुताचा फरक, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सरांनी नवीच्या बाहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, रागावू नका. पण ही नवी दिली तर त्यांना कळणार नाही. कोणालाच कळणार नाही."

मंगल माझ्याकडे बघायला लागली. मी वहीकडे बघत होतो. मला इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे, की सरांच्या आधी तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. ती चौदा मापं मी उगाच इतक्या काळजीनं ताडली नव्हती.

"हाव, कळणार न्हाई," बाईंनी कबूल केलं.

"त्या म्हाताऱ्या बाईला त्रास का द्यायचा? त्यांच्या डोळ्यांसमोर बाराबंदी धड असली म्हणजे झालं. आणि अजून दोन घरं जुने कपडे द्यायला तयार आहेत. हे बाहेर गेलं की कोण देणार आपल्याला?"

"सतरा तारखेला त्या हात जोडणार, सर. कोणापुढं जोडतील? माझ्या शिलाईपुढं?"

सरांनी फाटलेल्या खांद्याच्या कडा जुळवून पाहिल्या. ते म्हणाले, "मग निदान रफू करून द्या. तुमच्या हातचं रफू दिसायचं नाही."

"म्हणूनच करणार न्हाई. न विचारता केलं तर तेही लपवणंच झालं."

"बाई, त्या काय बोलतील तुम्हाला, अंदाज आहे का?"

"हाय की. आडनावासकट अंदाज हाय." त्या उठल्या. सुया मोजायला खाली वाकल्या, मग आज सुया काढल्याच नव्हत्या हे लक्षात येऊन तशाच उभ्या राहिल्या. "उद्या पहिल्या गाडीनं जाऊ, मापवाले. येता ना?"

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर आणि तिथून दुसऱ्या गाडीनं शिरूर अनंतपाळ. दोन्ही बाराबंद्या बाईंच्या मांडीवर, दोन वेगळ्या अभ्र्यांत. जुनी रात्रभर घरात वाळवलेली होती. वाटेत मी दोनदा विचारलं, सुरुवात मी करू का. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या. अहमदपूरला मी केळी घेतली, त्यांनी हातात धरली आणि चाकूरला तशीच परत दिली.

अनसूयाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "दोन दिवस आधीच आलात. चांगलं केलं." बाई टेकल्याही नाहीत. उभ्या उभ्याच बोलल्या.

"तुमच्या बाबांची बाराबंदी माझ्या हातून फाटली."

अनसूयाबाईंचा हात शेंगांवर थांबला. बाईंनी दोन्ही अभ्रे उघडले आणि बाराबंद्या त्यांच्या समोर ठेवल्या. "ही तुमची. ही मी शिवलेली. नवी समजून तुमचीच दगडावर आपटली मी."

अनसूयाबाईंनी आधी धड असलेली उचलली. डोळ्यांजवळ नेली, बंद चाचपले, रफूवर अंगठा फिरवला. त्यांना फरक कळत नव्हता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. मग त्यांनी ती खाली ठेवली, फाटकी मांडीवर घेतली आणि फटीतून चार बोटं पलीकडे काढली.

"कितीदा आपटलं?"

"तीनदा."

"तिसऱ्यांदा कळलं?"

"हाव. पहिल्यांदा हात लावला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"मग कळलं कसं न्हाई? इतकं बारीक शिवता तुम्ही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीच होतो, पण त्यांची नजर माझ्या खांद्यापाशी कुठं तरी थांबली. "दिसत न्हाई मला," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. मधोमध डाग आल्यागत हाय. कोणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर यांनी हातात सुई ठेवली नसती. ही नवी मी बोटांनी शिवली. बोटांवर भरवसा ठेवला आणि तुमची वस्तू घरात ठेवून घेतली. गलती आपटल्याची न्हाई. गलती ही हाय."

सून दारात येऊन उभी राहिली होती. अनसूयाबाईंनी तिच्याकडे न बघता विचारलं, "ऐकलंस का?" ती हो म्हणाली. "यापुढं ही कोणाला द्यायची न्हाई. मी मेल्यावर पण न्हाई."

"न्हाई द्यायची," बाई म्हणाल्या. "बरोबर हाय."

"नवी देऊन गेला असतात तर मला कळलं नसतं."

"कळलं नसतं."

ओट्यासमोर कोंबडी शेंगांची टरफलं उकरत होती, तिला कोणी हाकललं नाही. मी रफूचा विषय काढला. बाई इथंच बसून शिवतील, असं म्हणालो. अनसूयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य अर्धंच सोडलं.

"शिवायची न्हाई. आता हात लावायचा न्हाई कोणी." मग त्या बाईंना म्हणाल्या, "पण घडी घातली की आणखी फाटंल ना हे?"

"घडी घालू नका. गुंडाळा. मलमल हाय का घरात? धुतलेली, कांजी न लावलेली."

सुनेनं मलमलचा तुकडा आणला. बाई पहिल्यांदा ओट्यावर टेकल्या. मलमल पसरायला सांगितली, तिच्यावर बाराबंदी, फाटका खांदा वरच्या अंगाला. हात लावायचा नाही म्हटलेलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि नुसतं सांगत राहिल्या. बाही आत घ्या. बंद मोकळे सोडा. ओढू नका, लाटण्यासारखं पुढं सरकवा. अनसूयाबाई गुंडाळत गेल्या. एकदा कापड तिरकं गेलं. बाईंना ते दिसलं नसणार, त्यांनी विचारलं, "कड सरळ लागतीय का बोटाला?" अनसूयाबाईंनी बोट फिरवून पाहिलं, उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. निघताना त्यांनी आम्हाला पुन्हा या म्हटलं नाही. नवी बाराबंदी ओट्यावरच राहिली होती, ती उचलून न्या म्हणाल्या.

चाकूरला उतरल्यावर मी नांदेडच्या गाडीची चौकशी करायला निघालो. बाईंनी बाही धरून थांबवलं.

"मी नांदेडला येत न्हाई. लातूर इथून जवळ हाय, पोरीकडं जाते. डोळे दाखवते एकदा. तुम्ही रविवारी सगळ्यांसमोर वहीत लिहा. कोणी केलं, कशानं झालं, सगळं."

"डोळ्यांचंही?"

"ते आधी लिहा." नव्या बाराबंदीचा अभ्रा त्यांनी माझ्या हातात दिला. "ही जुन्याच्याच मापाची, सरांना पोटाला तंग होईल. अंगाला लावून बघितली तेव्हा त्यांनी परत पोट आत घेतलं होतं. अर्धा इंच सोडायला सांगा."

डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. होतं तेवढं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यांच्या मुलीनं नंतर फोनवर कळवलं. बाई लातूरलाच राहिल्या. त्या दोन घरांना विलाससरांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. एका घरानं कपडे दिले नाहीत. दुसऱ्यानं दिले, पण आमच्यासोबत त्यांचं एक माणूस बसवलं. वहीतलं ते पान मी आजही कपडा मागायला जाताना सोबत नेतो.

पण मला त्या आठवतात त्या चाकूरच्या स्टँडवर. लातूरची गाडी लागली. एरवी गाडीची पाटी वाचायची वेळ आली की त्या पदर नीट करत थांबायच्या आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचू द्यायच्या. ते मला त्या दिवशी उलगडलं. त्या सरळ दाराशी गेल्या आणि चार लोकांत कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, मला दिसत न्हाई. लातूरचीच हाय ना ही? जागा कुठं हाय ते सांगा." त्यानं हात धरून त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी मागे सरकली, वळली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. माझ्यापासून सात-आठ पावलांवर पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस उभा होता, त्याच्याकडे बघून. तो गोंधळला, मग त्यानंही हात वर केला. मी भराभर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत हात हलवत राहिलो.